ग्रंथप्रेमी सयाजीराव

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या गावात काशीराव गायकवाड नावाचे एक शेतकरी राहत असत. बडोद्यास राज्य करणाऱ्या गायकवाड घराण्याशी त्यांचे दूरचे नाते होते. पण दूरच्या नात्याने घरात धान्य येत नाही. इतर कुणब्यांप्रमाणेच काशीरावांचे कुटुंब शेतात राबे आणि पिकेल त्यावर गुजराण करी. ११ मार्च १८६३ रोजी काशीराव व उमाबाई यांना जो मुलगा झाला, त्याचे नाव गोपाळ ठेवण्यात आले. गोपाळ शेतावर जाई, गुराढोरांमागे हिंडे आणि सवंगड्यांबरोबर खेळे. पाटी-पुस्तकाशी त्याचा फारसा संबंध आला नव्हता. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, असेच म्हणावे लागेल.

याच सुमारास बडोद्यास मोठी उलथापालथ झाली. १८७० साली खंडेराव महाराज वारले आणि त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभारावर इंग्रज सरकारची गैरमर्जी झाली. रेसिडेंटास विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोपही त्यांच्यावर आला आणि एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड घराण्याच्या शाखांतून मुलांचा शोध सुरू झाला. कवळाण्याहून काशीरावांची मुले बडोद्यास नेण्यात आली. आपण येथे कशासाठी आलो आहोत, असे विचारल्यावर इतर मुले गोंधळली. गोपाळने मात्र राज्य करण्यासाठी आलो आहोत असे निःशंकपणे सांगितले, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, जमनाबाईंची निवड गोपाळवर ठरली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा सयाजीराव झाला.

डोक्यावर मंदील आला, तरी अक्षरे आपोआप येत नाहीत. राजवाड्यात सयाजीरावांसाठी शाळा सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस इलियट नावाचे एक इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकावयाच्या, शिवाय गणित, इतिहास, भूगोल, घोड्यावर बसणे आणि व्यायाम. ज्या वयात इतर मुलांचे वाचन सफाईदार झालेले असते, त्या वयात हा मुलगा बाराखडीवर बोट ठेवून बसला होता. पहाटेपासून सायंकाळपर्यंत अभ्यास चाले. हाती आलेली गोष्ट तडीस नेल्यावाचून सोडावयाची नाही, हा गुण त्यांच्यात होता. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला तो कोणी शिकवावा लागला नसावा. दिवाण सर टी. माधवराव हे मोठे विद्वान व व्यवहारचतुर प्रशासक होते. राज्य कसे चालवावे, यावर त्यांनी तरुण महाराजांना १८८१ साली व्याख्याने दिली. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी राज्याची सर्व सूत्रे सयाजीरावांच्या हाती आली. त्या वेळी ते अवघे अठरा वर्षांचे होते.

उशिरा मिळालेल्या विद्येची गोडी काही निराळीच असते. अधिकार हाती आल्यावर अभ्यास संपला, असे सयाजीरावांनी मानले नाही. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान अशा विषयांवरील ग्रंथ ते सतत वाचीत आणि वाचताना टिपणे काढीत. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास गिबन या इंग्रज इतिहासकाराने लिहिला आहे. तो प्रचंड ग्रंथ वाचून त्यांनी केलेली टिपणे १८९६ साली पुस्तकरूपाने छापली गेली. बाराव्या वर्षापर्यंत ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याने विसाव्या-बाविसाव्या वर्षी असे ग्रंथ हाती धरावे, हे सोपे नव्हते. पुढे प्रकृती बिघडली, झोप येईनाशी झाली. हवापालटासाठी १८८७ पासून त्यांना वारंवार युरोपात जावे लागले. या दीर्घ प्रवासांबद्दल इंग्रज अधिकारी कुरकुर करीत आणि स्वतःच्या प्रजेतील काही जणांनाही त्या अनुपस्थितीचा त्रास वाटे. पण या प्रवासांत त्यांचे डोळे उघडे असत. कोणत्याही शहरी गेले, की तेथील शाळा, संग्रहालये, कारखाने व ग्रंथालये ते बारकाईने पाहत आणि बडोद्यास काय नेता येईल याचा विचार करीत. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांनी स्वतःसाठी मोठा ग्रंथसंग्रह जमविला होता.

आपल्याला जे उशिरा मिळाले, ते आपल्या प्रजेतील मुलांना वेळेवर मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. हिंदुस्थानात असे कोणी केले नव्हते. प्रयोग चालतो असे दिसल्यावर १९०६ साली सर्व बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यात आले. मुलगे असोत वा मुली, ठरावीक वयात त्यांना शाळेत धाडलेच पाहिजे. न धाडणाऱ्या आईबापांना दंड. हा कायदा लोकांना गोड वाटला नाही. शेतात राखणीला कोण बसणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, असे प्रश्न घरोघरी निघाले. दंड भरणारे पालकही पुष्कळ निघाले. तरीही शाळा भरू लागल्या. पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात साऱ्या देशासाठी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या फार उपयोगी पडले.

येथवर सारे ठीक होते. पण एक अडचण उरलीच होती. खेड्यातला मुलगा चार-पाच वर्षे शाळेत जाई, वाचू-लिहू लागे आणि मग शाळा सोडून नांगर धरी. त्याच्या घरी पुस्तक नसे, शेजाऱ्याच्या घरीही नसे. गावात वर्तमानपत्र येत नसे. चार-दोन वर्षांत अक्षरे पुसट होत आणि शेवटी सही करण्याची वेळ आली, की तो पुन्हा अंगठा पुढे करी. विहीर खणली, पाणीही लागले, पण दोर-पोहरा ठेवावयाचे विसरले, असा हा प्रकार होता. शाळेवर केलेला खर्च आणि मुलाने केलेले श्रम दोन्ही वाया जात. शिवाय कायद्याचा हात येथे पोहोचत नव्हता. मुलाला शाळेत बसविणे दंडाच्या धाकाने साधते. मोठ्या माणसाला धाक घालून वाचनाची आवड लावता येत नाही.

१९०६ साली सयाजीराव व महाराणी चिमणाबाई अमेरिकेत गेले होते. तेथील शहरांतून त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. मजूर, कारकून, गृहिणी, शाळकरी मुले, कोणीही आत यावे, कपाटाजवळ जाऊन हवे ते पुस्तक काढावे, वाचावे आणि घरी न्यावे. त्याबद्दल पैसा द्यावा लागत नसे. लोकांच्या करांतून हा खर्च चाले. हिंदुस्थानात त्या काळी ग्रंथालये नव्हती असे नाही. मोठ्या गावांत ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’सारख्या संस्था होत्या, पण त्या वर्गणी भरणाऱ्या थोड्या सुशिक्षितांच्या होत्या. पुस्तके कुलपात असत आणि कुलपाची किल्ली चिटणिसाच्या खिशात. जुने हस्तलिखित ग्रंथ तर मठांत, मंदिरांत व पंडितांच्या घरी रेशमी कापडात बांधून ठेवलेले असत. पुस्तक म्हणजे जपून ठेवण्याची वस्तू, अशीच आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या समजूत होती. एकेक पोथी हाताने लिहून काढावी लागे, त्या काळात ती समजूत योग्यही होती. पण छापखाने आल्यावर एका पुस्तकाच्या हजारो प्रती निघू लागल्या होत्या. वस्तू बदलली, तरी तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली नव्हती.

सयाजीरावांनी ती बदलण्याचे ठरविले. अमेरिकेतील न्यू हेवन येथील एका ग्रंथालयाचे प्रमुख विल्यम बॉर्डन यांना त्यांनी १९१० साली बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. राज्यात ग्रंथालयांसाठी एक स्वतंत्र खातेच निर्माण झाले. महसूल खाते, न्याय खाते, तसे हे ग्रंथालय खाते. महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार पुस्तके या कामासाठी देऊन टाकली आणि त्यांतून बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. स्वतःचा जीव ज्यांत गुंतला आहे अशी पुस्तके कपाटातून काढून कोणाही वाटसरूच्या हाती द्यावयाची, हे पुस्तकवेड्या माणसास किती कठीण वाटते, हे पुस्तकवेड्यांनाच ठाऊक!

बॉर्डन यांनी तीन वर्षांत केलेली कामे पाहिली, की आश्चर्य वाटते. हजारो पुस्तके एका ठिकाणी असली, तरी हवे असलेले पुस्तक नेमके सापडले नाही तर ती असून नसल्यासारखीच. म्हणून त्यांनी सर्व ज्ञानाचे विषयवार विभाग पाडून प्रत्येक पुस्तकास खूण देण्याची पद्धत बडोद्यासाठी तयार केली. अमेरिकेतील दोन प्रसिद्ध पद्धतींचा त्यांनी तिच्यात मेळ घातला होता. खुणेवरून पुस्तकाची कपाटातील जागा कळे. इतिहासाची पुस्तके इतिहासाशेजारी बसत आणि वैद्यकाची वैद्यकाशेजारी. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांना शिक्षण देणारा वर्ग सुरू केला. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा पहारेकरी, अशी तोवर समजूत होती. वाचकाला काय हवे आहे ते ओळखून त्याच्यापुढे पुस्तक ठेवणे, हे त्याचे खरे काम असून ते शिकावे लागते, ही कल्पना आपल्या देशात त्या वर्गाने रुजविली. १९१२ साली खात्याने इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत एक त्रैमासिकही काढले. त्यात ग्रंथालयांविषयीची माहिती व चर्चा येत असे.

मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी निराळी व्यवस्था होती. पडदा पाळणाऱ्या किंवा पुरुषांच्या गर्दीत शिरण्यास संकोचणाऱ्या बायकांना तेथे मोकळेपणाने बसता येई. मुलांसाठीही वेगळे दालन होते. त्यात चित्रांची पुस्तके होती आणि बसून खेळावयाचे खेळही होते. ग्रंथालयात खेळ कशाला, असे त्या काळच्या कित्येक वडीलधाऱ्यांना वाटले असेल. पण खेळायला आलेले मूल पुस्तकाकडेही वळते, हे त्या दालनाची आखणी करणाऱ्यांनी ओळखले होते.

तरीही बडोदे म्हणजे सगळे राज्य नव्हे. राज्यात वीस लाखांवर लोक होते आणि त्यांतले बहुतेक खेड्यांत राहत. १९११ च्या शिरगणतीत शंभरांपैकी जेमतेम दहा माणसे साक्षर आढळली होती. राज्याचा मुलूखही सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली या प्रांतांचे तुकडे गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते आणि मध्येमध्ये इंग्रजांचा वा दुसऱ्या संस्थानिकांचा मुलूख होता. या पसरलेल्या खेड्यांपर्यंत पुस्तक कसे पोहोचवावयाचे?

येथे महाराजांना एका शिक्षकाच्या कार्याची मोलाची जोड मिळाली. चरोतर भागात मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक होते. पगार थोडा, पण उत्साह दांडगा. सरकारी खाते निघण्याच्या आधीपासूनच, १९०६ च्या सुमारास, त्यांनी मित्रमंडळे स्थापून गावोगाव लहान लहान वाचनालये सुरू केली होती. दहा माणसे एकत्र करावयाची, थोडी वर्गणी जमवावयाची, दोन-चार वर्तमानपत्रे व मासिके मागवावयाची आणि देवळाच्या ओसरीवर किंवा शाळेत ती ठेवावयाची, अशी त्यांची साधी रीत होती. ग्रंथालय खाते सुरू झाल्यावर त्यांना त्यात घेण्यात आले. राजाजवळ पैसा होता आणि या शिक्षकाजवळ खेड्यातल्या माणसाची ओळख होती. दोहोंपैकी एक नसते, तर हे काम झाले नसते.

खात्याने केलेला नियम मोठा शहाणपणाचा होता. सरकारने हुकूम काढून गावावर वाचनालय लादावयाचे नाही. गावकऱ्यांना हवे असेल, तर त्यांनी आधी आपली वर्गणी जमवावी. ते जेवढी रक्कम जमवतील तेवढीच रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार देई. म्हणजे गावाने एक रुपया घातला, की त्याचे तीन होत. वाचनालयासाठी इमारत बांधावयाची असली, तरी हाच हिशेब. ज्या राजाने शाळेसाठी सक्ती केली, त्याने वाचनासाठी मात्र सक्ती केली नाही. स्वतःच्या खिशातला पैसा घातला, की माणूस त्या वस्तूकडे आपली म्हणून पाहतो. पाहता पाहता शेकडो गावांत वाचनालये निघाली. पुष्कळ ठिकाणी शाळेचे गुरुजीच ग्रंथपाल होत. ज्याला वाचता येई तो वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि वाचता न येणारे भोवती बसून ऐकत. एका माणसाच्या साक्षरतेचा लाभ अशा रीतीने साऱ्या कट्ट्याला मिळे.

काही गावे इतकी लहान होती, की तेथे वर्गणी जमणेही शक्य नव्हते. त्यांच्यासाठी फिरती वाचनालये काढण्यात आली. मजबूत लाकडी पेट्या मुद्दाम बनवून घेण्यात आल्या. प्रत्येक पेटीत पंधरा-वीसपासून तीस-पस्तीसपर्यंत पुस्तके मावत. मध्यवर्ती ग्रंथालयातून पेटी निघे, आगगाडीने जाई, गाडीवाटेने बैलगाडीतून जाई आणि एखाद्या गुरुजींच्या किंवा जबाबदार गावकऱ्याच्या हवाली केली जाई. गावाने पुस्तके वाचावी, मुदत संपल्यावर पेटी परत पाठवावी आणि दुसरी मागवावी. वाहतुकीचा खर्च सरकारचा. वाचकाला काहीही द्यावे लागत नसे. आजवर राजधानीतून खेड्यात जे काही येई, ते बहुधा सारा वसूल करण्यासाठी येई. राजाकडून पेटीभर गोष्टी, चरित्रे आणि शेतीची पुस्तके येतात, हा अनुभव नवा होता.

ज्यांना मुळीच वाचता येत नाही, त्यांचाही विचार खात्याने केला. त्या काळी सिनेमा नुकता कोठे आपल्या देशात आला होता. मोठ्या शहरांतले लोक तंबूंतून मूक चित्रपट पाहत. ग्रंथालय खात्याने दृश्य शिक्षणाची एक शाखा उघडली. तिच्याजवळ काचेवरील चित्रे पडद्यावर मोठी करून दाखविणारा जादूचा दिवा होता, दोन डोळ्यांनी पाहिले असता चित्र उठावदार दिसणारी दुर्बिणीसारखी यंत्रे होती आणि सिनेमाचे यंत्रही होते. ही सामग्री घेऊन माणसे गावोगाव जात आणि फुकट खेळ करीत. कधी बडोद्याबाहेर न गेलेल्या शेतकऱ्याने त्या पडद्यावर दूरदूरचे देश पाहिले. नवे साधन आले, की जुने मागे पडेल अशी भीती नेहमीच घातली जाते. बडोद्याच्या ग्रंथालय खात्याने चलचित्राला पुस्तकाचा वैरी मानले नाही. दोन्ही एकाच खात्यात, एकाच छपराखाली नांदत होती.

नवी पुस्तके खेड्यांत जात असताना जुन्या ग्रंथांकडेही महाराजांचे लक्ष होते. पाटण हे प्राचीन नगर तेव्हा बडोदे राज्यात होते. तेथील जैन भांडारांत ताडपत्रांवर व कागदावर लिहिलेल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या होत्या. जैन मुनींनी व श्रावकांनी त्या पिढ्यान्पिढ्या मोठ्या निष्ठेने जपल्या. त्यांनी तसे केले नसते, तर कित्येक ग्रंथांची नावेही आज उरली नसती. परंतु बाहेरच्या अभ्यासकांना त्या पाहावयास मिळणे कठीण होते. सयाजीरावांनी विद्वानांना पाटणास पाठवून या भांडारांची पाहणी करविली. चिमणलाल दलाल या तरुण पंडिताने तेथे फार परिश्रम केले. दुर्मीळ संस्कृत ग्रंथ शुद्ध करून छापण्यासाठी ‘गायकवाड ओरिएंटल सीरीज’ ही माला सुरू झाली. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा तिचा पहिला ग्रंथ १९१६ साली निघाला. दलाल १९१८ साली अकाली वारले, पण माला चालू राहिली. १९२७ साली या कामासाठी बडोद्यात प्राच्यविद्यामंदिर स्थापन झाले.

राजधानीत मराठी आणि राज्यात बहुतांश गुजराती, अशी बडोद्याची भाषास्थिती होती. महाराजांनी दोन्ही भाषांना आपले मानले. लोकांना वाचावयास सांगावयाचे, तर त्यांच्या भाषेत वाचण्याजोगी पुस्तकेही हवीत. म्हणून त्यांनी दोन लाख रुपयांची रक्कम वेगळी काढून दिली. तिच्या व्याजातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ अशा माला निघाल्या. विज्ञान, इतिहास, आरोग्य, चरित्रे अशा विषयांवरील पुस्तके त्यांतून प्रसिद्ध झाली. १९३१ साली त्यांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश सिद्ध करविला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना आपल्या देशातील निरनिराळ्या भाषांतले प्रतिशब्द त्यात दिलेले आहेत. पुढच्याच वर्षी कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. बाराव्या वर्षी ज्याने मराठी बाराखडी गिरविली, तो आता मराठी साहित्यिकांच्या सभेत मधल्या आसनावर बसला होता.

शिक्षणासाठी त्यांनी अनेकांना साहाय्य केले. त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या एका तरुणाने पुढे मुंबईस स्वतःचा असा प्रचंड ग्रंथसंग्रह जमविला, की त्यासाठी घर बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार करावा लागला. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर.

महाराजांचे खासगी जीवन मात्र सुखाचे झाले नाही. पहिली पत्नी चिमणाबाई १८८५ साली तरुणपणीच वारली. (अमेरिकेत त्यांच्याबरोबर गेलेल्या महाराणी चिमणाबाई या दुसऱ्या.) पुढे फत्तेसिंहराव, शिवाजीराव आणि जयसिंहराव हे कर्ते मुलगे एकामागून एक त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. निद्रानाशाने ते आयुष्यभर गांजले होते. अशा वेळी ग्रंथच त्यांच्या सोबतीला असत. स्वतःला वाचवत नसे, तेव्हा ते दुसऱ्याकडून वाचून घेत आणि ऐकत.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस सयाजीराव महाराजांचे देहावसान झाले. कवळाण्याहून निघालेल्या गोपाळने त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ गादी सांभाळली होती. दहा वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून तो मुलूख गुजरात राज्यात आहे. संस्थान गेले, महाराजांचा दरबार गेला, पेट्या वाहणाऱ्या बैलगाड्याही गेल्या.

बडोद्यात मांडवीच्या परिसरात मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत मात्र उभी आहे. पुस्तकांना आगीचे भय नको म्हणून तेथील कपाटे लाकडाची न करता पोलादाची केली आणि ती अमेरिकेहून मागविली. मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. त्यामुळे वरचा उजेड झिरपत खालच्या मजल्यापर्यंत येतो आणि दिवा न लावताही पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचता येते. वर कोणी चालू लागले, की खाली पुस्तक शोधणाऱ्याच्या हातावरून त्याची सावली सरकत जाते.